फौजदाराची पाठराखीण

खिचडीमावशी कुणाच्या घरी गेल्या की मोठ्या माणसांशी फारसं बोलायच्या नाहीत. पाणी घ्यायच्या, चहा घ्यायच्या, आणि मग घरातलं सगळ्यात लहान, नुकतंच बोलायला लागलेलं लेकरू हुडकून त्याला मांडीवर घ्यायच्या. "बाळा, काल तुमच्याकडं भाकर उरली व्हती का रे?" एवढा एकच प्रश्न. लेकरू हो म्हणालं तर घर पास. नाही म्हणालं तर मावशी उठायच्या आणि अंगणात येऊन, पण आतल्यांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "जिथं मोजून भाकरी थापतेत तिथं मी कुत्रं देत नसते." तीस एकरांचा बागायतदार या परीक्षेत नापास झालेला मी पाहिलाय आणि दोन पत्र्यांच्या खोलीत राहणारा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर पहिल्या वर्गात पास झालेलाही पाहिलाय.

आमची जिल्हा परिषदेची शाळा आखाडा बाळापूरपासून सात-आठ किलोमीटर आत. मी लातूरकडचा. बायको तिकडं नोकरीला, मुलगी तिच्याजवळ, आणि मी इकडं शाळेमागच्या एका खोलीत एकटा. नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत शाळेतल्या पोरांसाठी शिजणारी दुपारची खिचडी मावशींच्या हातची खाल्ली आणि संध्याकाळचीही बरेचदा तीच, कारण माझ्या हाताला चव नाही हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. मावशी पंचावन्नच्या पुढच्या, अंगानं आडव्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आवाज असा की त्यांनी "पंगत बसली का" म्हणून विचारलं की चौथीच्या वर्गातल्या गणिताची उत्तरं चुकायची.

खिचडी शिजते तिथं कुत्री येणारच. दरवर्षी एखाददुसरं नवं यायचं. आमचे हेडसर कागदाला घाबरणारे. लेकराला कुत्रं चावलं तर अहवाल कुणी लिहायचा, म्हणून ते कुत्र्याला बघितलं की खडू फेकायचे. मावशी म्हणायच्या, "सर, खडू नका वाया घालू. मी बघते त्याचं." आणि बघायच्या. रविवारी जीपनं, एसटीनं, कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसून गावोगाव फिरायच्या आणि स्थळं शोधायच्या. हो, स्थळंच म्हणायच्या. गोठ्यात जाऊन आधी बैलाची पाठ बघायच्या. वळ दिसले की पुढची बोलणी बंद. घरधनी आत आल्यावर घरातलं मांजर पळालं की राहिलं, हेही बघायच्या. मी एकदा म्हणालो, "मावशी, माझ्या लग्नात एवढी चौकशी झाली नव्हती." त्या म्हणाल्या, "दिसून राहिलं ना मग."

स्वतःच्या घरी मात्र त्यांनी कुत्रं ठेवलं नाही. सुनेला लहानपणी कुत्रं चावलेलं, तिला कुत्र्याचं भेव. "तिचं घर हाय ते. तिनं भिऊन काहून राहावं?" त्यांच्या तोंडून सुनेविषयी वावगा शब्द मी ऐकला नाही, आणि मराठवाड्यात नऊ वर्षं राहून हे मी सांगतोय, यावर विश्वास ठेवा.

या उद्योगाला सुरुवात कशी झाली ते त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. माझ्या आधी त्या खोलीत एक गुरुजी राहायचे, त्यांचं एक कुत्रं होतं. गुरुजींची बदली झाली, सामान टेंपोत भरलं, कुत्र्याला एका ओळखीच्या शेतात बांधलं आणि गुरुजी त्याची नजर चुकवून निघून गेले. कुत्र्यानं दावं तोडलं. टेंपोच्या मागं बाळापूरपर्यंत पळत गेलं. तिथला हिंगोली-नांदेड रस्ता म्हणजे चोवीस तास ट्रक. बाजाराला गेलेल्या मावशींनाच ते रस्त्याच्या कडेला पडलेलं दिसलं. "कुत्रं घराला ओळखत न्हाई सर, माणसाला ओळखतंय. चोरून गेलं की ते हुडकत निघतंय. हुडकत निघालं की मेलं." मग त्या पातेल्याला लागलेली खिचडी खरवडत बसल्या आणि मी पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

तेव्हापासून त्यांनी एक रीत पाडली. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिला परकं वाटू नये म्हणून माहेरची एक बाई सोबत जाते, दोन-चार दिवस राहते आणि मग परतते. ती पाठराखीण. मावशी कुत्र्याची पाठराखीण होऊन जायच्या. तीन रात्री राहायच्याच. नव्या घरच्या अंगणात बसून शेंगा फोडायच्या, तूर पाखडायच्या, त्यांच्या चुलीवर भाकरी भाजायच्या. कुत्र्याला कळायला पाहिजे, की आपलं माणूस इथं बसतंय, इथं जेवतंय, म्हणजे जागा बरी असणार. लोकांना आधी हा येडेपणा वाटायचा. पण बाई बसल्या बसल्या चार पायल्या तूर निवडून देते म्हटल्यावर कोण कशाला तक्रार करेल? कुरुंद्याच्या एका घरातल्या म्हातारीनं तर चौथ्या दिवशी मावशींची खणानारळानं ओटी भरली. रीत म्हणजे रीत. मावशींनीही मुकाट्यानं पदर पसरला आणि परतल्यावर तो नारळ फोडून आम्हा सगळ्यांना वाटला.

त्यांच्या हातून चूक झालीच नाही असं नाही. पांढऱ्या नावाचं एक कुत्रं त्यांनी एका हळदवाल्या शेतकऱ्याला दिलं. घर उत्तम, भाकर उरणारं, तीन रात्री झाल्या, सगळं बराबर. महिन्याभरानं त्या शेतकऱ्याचा फोन आला, "मावशी, तुमचं कुत्रं रोज दुपारी सुट्टीवर जाऊन राहिलं." शेताला लागून दुसऱ्या गावची शाळा होती, आणि पांढऱ्याचं सगळं बालपण आमच्या शाळेच्या घंटेवर गेलेलं. दुपारच्या सुट्टीची घंटा झाली की तो राखण सोडून तिकडं पोरांच्या पंगतीच्या टोकाला जाऊन बसायचा आणि शाळा भरली की परत कामावर. रविवारी जात नसे. शेतकरी शहाणा, त्यानं ते चालवून घेतलं. मावशी त्याला भेटायला गेल्या तेव्हा हळद घासायचा ढोल सुरू होता. एक पिवळंजर्द कुत्रं त्यांच्या पायात घोटाळायला लागलं. "हाड, हाड," करत मावशी अर्धा तास वावरभर पांढऱ्याला हाका मारत फिरल्या आणि ते पिवळं प्रत्येक हाकेला धावत पुढं येई. ढोलाजवळच झोपायची सवय लागली होती त्याला. "सर, मी त्याला हाड म्हणले," हे मावशी पुढं आठ दिवस सांगत होत्या. मला हसू आवरेना. त्यांना खरंच लागलं होतं.

आता माझं सांगतो. माझ्याकडंही एक कुत्रं आलं. मी आणलं नाही, ते आलं. खाकी रंगाचं, तोंडावर मिशीसारखा काळा पट्टा, म्हणून पोरांनी नाव ठेवलं फौजदार. नावाला जागला असता तर काय पाहिजे होतं! फौजदार कोंबडीला घाबरायचा. ट्रॅक्टर आला की माझ्या खुर्चीखाली. कुकरची शिट्टी झाली की माझ्या खाटेखाली. पण सकाळी मी हजेरी घ्यायला लागलो की वर्गाच्या दारात बसून असायचा आणि संध्याकाळी मी वह्या तपासताना माझ्या पावलावर हनुवटी टेकवून झोपायचा. चार वर्षं. एकट्या माणसाच्या खोलीत आपण आलो हे कुणाला तरी कळतं, यात काय असतं ते ज्यानं एकट्यानं काढलेत दिवस त्यालाच विचारा.

आणि माझी बदली झाली. नऊ वर्षं अर्ज करत होतो, त्या बदलीचा आदेश निघाला. पण जागेवर दुसरा शिक्षक आल्याशिवाय सोडायचं नाही म्हणून लोंबकळला, आणि तो शिक्षक ऐन थंडीत एकदम हजर झाला. मला कार्यमुक्त व्हायला दहा दिवस उरले. बायकोनं फोनवर आनंदानं सगळं विचारलं, मग म्हणाली, "कुत्र्याचं काय करणार?" आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, आणि घरमालकानं करारात पहिलीच अट प्राण्यांची घातलेली. मी म्हणालो, बघतो. फोन ठेवला तेव्हा फौजदार माझ्या पायावर होता. त्या गुरुजींचा टेंपो मला दिसायला लागला.

मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "फौजदाराला स्थळ म्हणजे अवघड हाय बघा." अवघडच होतं. शेतावर कुत्रं पाहिजे असतं ते राखणीला. पहिले एक पाव्हणे बघायला आले, त्यांनी पोतं झटकलं आणि नवरदेव बेंचाखाली. "ह्यो फौजदार?" म्हणून ते हसत हसत गेले. दुसरे बाळापूरच्या बाजारातले दुकानदार. त्यांच्या दारात ट्रकचा हॉर्न वाजला आणि फौजदारानं त्यांच्या सरकीच्या पोत्यावर भिजवायचं ते भिजवलं. सहा दिवस उरले.

तिसऱ्याच्या वेळी मी खोटं बोललो. मास्तर असून. ते गृहस्थ म्हणाले, "लैच शांत दिसतंय," आणि मी पट्कन म्हणून गेलो, "दिवसा असंच असतं हो. रात्री वाघ." त्यांना पटलंही होतं. मावशी भांडी घासत होत्या. राखेच्या हातानं तशाच उठल्या आणि म्हणाल्या, "दादा, सर लेकरागत बोलून राहिले. हे कुत्रं रात्री सरांच्या पांघरुणात असतंय. तुमाला राखण पाहिजे, ते ह्याच्याकडं न्हाई." गृहस्थ गेले. मी चिडलो. खूप चिडलो. "मावशी, एक घर आलं होतं चालून," म्हणालो, "पाच दिवस उरलेत माझे." त्या शांतपणे हात धूत म्हणाल्या, "सोयरिकीत खोड लपवली की वरातीतच उघडी पडती. चौथ्या दिवशी त्यानं दगड मारून हाकललं असतं. मग ते तुमाला हुडकत निघालं असतं."

दुसऱ्या दिवशी त्या शाळेला आल्याच नाहीत. सुनेला खिचडी टाकायला पाठवलं होतं. संध्याकाळी परतल्या त्या पायांना धूळ घेऊन, सोबत एक मेंढपाळ. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं. सटवाजी नाव. कुरुंद्याच्या पलीकडच्या माळावर त्यांचं घर आणि मेंढरं. मी यावेळी शहाणा झालो होतो. हात जोडून आधीच सांगितलं, "हे कुत्रं फार भित्रं आहे. कोंबडीला भितं." सटवाजी खाली बसले. त्यांनी एकदम हात पुढं केला नाही. नुसते बसून राहिले, तंबाखू मळली, मला दिली. पाऊणेक तासानं फौजदार खुर्चीखालून आला आणि त्यांच्या घोंगड्याचा वास घेत बसला. मग ते बोलले.

"गुरुजी, धीट कुत्री लै पाळले. लांडगा आला की एकट्यानंच भिडतेत आन मरून जातेत. आमाला सकाळी कळतं. भ्यालेलं कुत्रं आधी वरडतंय, आमाला उठवतंय. भिडायला आमी हाव ना."

चार वर्षं ज्याला खोड म्हणत होतो ती या माणसाच्या लेखी कामाची गोष्ट होती. शिवाय, ते म्हणाले, मेंढरं चरायला गेली की कोवळी पिलं घरी मागं राहतात, धीट कुत्र्याच्या तावडीत ती देता येत नाहीत. मावशी मला म्हणाल्या, "तिथं भाकर उरती. मी इचारून आले." आणि मग खालच्या आवाजात, "जवळ शाळा बी न्हाई."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर निघायचं ठरलं. मी मावशींना म्हणालो, "तुम्ही किती दिवस राहाल तिथं? खिचडीचं बघायला पाहिजे." त्या म्हणाल्या, "मी कुठं राहून राहिले? ह्याचं माणूस तुमी. पाठराखीण तुमी." मी म्हणालो, "मावशी, मी पुरुष माणूस." "मग पाठराख्या म्हणा. तीन रात्री. सोमवारी सकाळी मी येते." हेडसरांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच त्यांना कुठल्या कागदाची आठवण झाली नाही. फक्त म्हणाले, "ओटी भरली तर आम्हालाही नारळ आणा."

माझ्या मोटारसायकलवर मी पुढं, मागं मावशी, त्यांच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला फौजदार, तोंड पदरात खुपसलेलं. बाळापूरच्या रस्त्यावर ट्रकनं हॉर्न दिला की तिघंही दचकत होतो. मावशी त्याच्या कानावर हात ठेवून म्हणत होत्या, "काही न्हाई, काही न्हाई," आणि हे मलाही चालत होतं.

माळावरचं ते घर म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढं मोठं अंगण, मेंढरांना जाळीचं कुंपण. सटवाजींच्या कारभारीण गोदाबाई. त्यांनी मला काही विचारलं नाही, एक टोपली पुढं ठेवली आणि म्हणाल्या, "लसूण सोला." मावशींनी परतण्याआधी त्यांना सगळं पढवून ठेवलं होतं. तीन दिवस मी लसूण सोलला, पिलांना पाला घातला, लोकर भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवली. हातानं भाकर मोडून फौजदाराला घालायची नाही असा हुकूम होता. भाकर गोदाबाईच घालणार. पहिल्या दिवशी त्यानं ती खाल्ली नाही. माझ्याकडं बघत बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं गोदाबाईंच्या हातचा एक तुकडा घेतला, पण पळत माझ्याजवळ येऊन खाल्ला. रविवारी सकाळी मी उठलो तर माझ्या अंथरुणाशी तो नव्हता. बाहेर आलो तर तो पिलांच्या कुंपणात आडवा पडलेला आणि दोन कोकरं त्याच्या पोटाला पाठ लावून निजलेली. एकानं त्याचा कान तोंडात धरला होता. फौजदारानं मला बघून शेपटी हलवली, पण तो उठला नाही. कोकरू जागं झालं असतं.

मला आनंद झाला का? झाला. आणि त्याच क्षणी इतकं वाईट वाटलं की मी हौदावर जाऊन उगाच तोंड धूत बसलो.

सोमवारी सकाळी मावशी आल्या. मी सामान बांधलं. त्या म्हणाल्या, "आता जा, त्याला सांगा." मी म्हणालो, "काय सांगू?" "जातो म्हणून सांगा. चोरून जायचं न्हाई. आन एकदा निघाल्यावर मागं वळायचं न्हाई. मी बघते मागं." सटवाजी, गोदाबाई दोघं समोर उभे. मी गुडघ्यावर बसलो. वर्गात पन्नास पोरांसमोर बोलणारा माणूस मी, उगाच दोनदा खाकरलो. "फौजदार," म्हणालो, "मी जातो. ही माणसं चांगली आहेत. इथं राहा." त्यानं माझी मनगटं चाटली. मी उठलो.

गाडी सुरू केली. मावशी मागं एका बाजूला पाय टाकून बसल्या, तोंड मागं वळवून. पाऊलवाट खडबडीत, गाडी हळूच चालवावी लागत होती. मी समोर बघत विचारलं, "येतंय का?"

"येऊन राहिलं."

माझा हात ब्रेकवर गेला. "थांबू नका," मावशी म्हणाल्या.

"अजून येतंय?"

"येऊन राहिलं. बांधापस्तोर आलं." जरा वेळानं, "थांबलं."

मागून गोदाबाईंची हाक ऐकू आली. लांबून, पण स्वच्छ. "फौजदाऽर, ये रे."

"आता?" मी विचारलं. मी पुन्हा विचारलं.

"गेलं," त्या म्हणाल्या. "फिरून गेलं."

बाळापूरचा रस्ता लागला तिथं मी गाडी बाजूला घेतली, कारण पुढचं दिसत नव्हतं. ट्रक जात होते, ऊस भरलेल्या बैलगाड्या जात होत्या, आणि मी, वय वर्षं एकेचाळीस, पदवीधर शिक्षक, कडेला उभा राहून रडलो. चार वर्षांच्या सोबतीनंतर ते एका हाकेत फिरलं, हेही त्यात होतं. खोटं कशाला बोलू. मी तसं बोलूनही दाखवलं. "एका हाकेत फिरलं हो, मावशी."

मावशींनी माझं हेल्मेट दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. त्यांच्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या, पण आवाज नेहमीचाच होता.

"मग चांगलं झालं ना, सर. दोघांतल्या एकाला तं रडायचंच व्हतं. तुमी रडून घ्या. मुक्या जनावरानं काहून रडावं?"

त्यांनी मला पुरता वेळ दिला. मग हेल्मेट माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "चला आता, तांदूळ निवडायचा राहिलाय."